एकोणतिसावर थांबलेली नोंद : हिंगणा वसाहतीतील एका कारखान्याचे प्रकरण

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात २०१६ अखेरपर्यंत स्त्री कामगारांची संख्या कधीही २९ च्या वर गेली नाही. मागणी वाढली, यंत्रे वाढली, जोडणीच्या टेबलांची रांग एकाऐवजी दोन झाली. तरी मस्टरवरचा हा आकडा हलला नाही. जोडणीचे काम बायका अधिक नेटकेपणाने करतात, असे तिथले सुपरवायझर उघडपणे म्हणत. काम मागायला येणाऱ्या बायकांचीही कमतरता नव्हती. वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह, इसासनी या लगतच्या वस्त्यांतून त्या दर सोमवारी फाटकाशी उभ्या असत. आकडा थांबला होता तो कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ४८ मुळे. ज्या कारखान्यात ३० पेक्षा अधिक स्त्री कामगार सामान्यतः कामावर असतात, तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असले पाहिजे, असे हे कलम तेव्हा सांगत असे. मालकांनी सावधगिरीसाठी एक जागा मोकळी ठेवून २९ ही सीमा आखली होती. स्त्री कामगारांच्या सोयीसाठी केलेल्या तरतुदीने तिसाव्या आणि एकतिसाव्या बाईला फाटकाबाहेर ठेवले होते.

या कारखान्याचे कामगार कायद्यांविषयीचे काम मी २०१४ पासून नऊ वर्षे सल्लागार म्हणून पाहिले. हजेरीपट, पगारपत्रके, भविष्य निर्वाह निधीची आणि कर्मचारी राज्य विम्याची चलने, ठेकेदारांची बिले हे सर्व माझ्या हाताखालून जात असे. त्यामुळे येथे मांडलेले आकडे त्या एका कारखान्याचे आहेत. त्यांवरून साऱ्या वसाहतीविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. कारखान्याचे आणि माणसांचे नाव मी देत नाही. कामगार कायद्यांमुळे रोजगार वाढतो की घटतो, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी एकवचनी विचारला जातो. या प्रकरणात मात्र एकच कायदा एकाच छपराखाली वेगवेगळ्या माणसांशी वेगवेगळा वागताना दिसतो आणि तो तसा का वागतो याचे कारणही बऱ्याच अंशी हाती लागते. ते कारण मला समजायला उशीर झाला. दरम्यान दिलेल्या काही सल्ल्यांचे ओझे माझ्यावर आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

कारखाना आणि त्यातली माणसे

कारखान्यात वाहनांसाठी लागणारे वायरिंग हार्नेस आणि विजेची छोटी पॅनेल तयार होत. तारा ठरावीक लांबीला कापणे, टोकांना टर्मिनल दाबून बसवणे, फळीवर आखलेल्या मार्गाने तारा मांडून त्यांना टेप गुंडाळणे आणि शेवटी प्रत्येक संच तपासणे असा हा क्रम असतो. २०१६ मध्ये कारखान्याच्या स्वतःच्या पटावर ४६ जण होते. त्यांत ३१ कायम कामगार आणि उरलेले सुपरवायझर, गुणवत्ता तपासणीतील व कार्यालयातील कर्मचारी होते. ठेकेदाराच्या नावावर ४२ जण होते. २९ स्त्रियांपैकी तीनच कारखान्याच्या पटावर होत्या, बाकीच्या २६ ठेकेदाराकडे. ठेकेदाराचे १६ पुरुष हेल्पर होते, त्यांतले बरेच बालाघाट, छिंदवाडा आणि गोंदियाकडचे, भाड्याच्या एका खोलीत चौघे-पाचजण राहणारे. एकूण ८८.

हा ८८ चा आकडाही आपोआप आलेला नव्हता. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या प्रकरण पाच-ख नुसार १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कामगार कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागत असे. मालक शंभराच्या जवळ जायला तयार नव्हते. काम वाढले तेव्हा त्यांनी शेजारच्या भूखंडावर भावाच्या नावाने दुसरा कारखाना नोंदवला. दोन्हीकडे एकच भांडार, एकच हिशेबनीस आणि मालाची ने-आण करणारी एकच गाडी होती. अशी दोन आस्थापने प्रत्यक्षात एकच आहेत असे न्यायालय ठरवू शकते, हे मी त्यांना लेखी कळवले होते. त्यांनी तो धोका पत्करला. कायम कामगारांना या सीमेचा काही लाभ झाला का, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या ३१ जणांची नोकरी टिकली, पण ती पाच-ख मुळे टिकली असे म्हणता येत नाही, कारण ते प्रकरण त्यांना कधी लागूच झाले नाही.

दोनशे चाळीस दिवस

ठेकेदाराच्या माणसांना साधारण सातव्या महिन्याच्या अखेरीस ‘ब्रेक’ मिळत असे. हिंगण्यात किंवा बुटीबोरीत काम केलेल्या कोणत्याही कंत्राटी कामगाराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की त्या माणसाला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नाही. शिवाय ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना महाराष्ट्रात लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत (सेवाशर्तींच्या नमुना नियमांत), २४० दिवस अखंड सेवा केलेल्या बदली किंवा हंगामी कामगाराला कायम करावे, अशी तरतूद होती. म्हणून २१० ते २२० दिवस भरले की पंधरा-वीस दिवस घरी बसवायचे आणि मग नव्या तारखेपासून पुन्हा घ्यायचे, अशी रीत पडली. एका हेल्परने मला एकदा विचारले होते, “साहेब, काम तं तेच हाय, टेबल तेच हाय, मंग मीच कसा नवा होतो दरवर्षी?”

कामगारांना वर्षानुवर्षे हंगामी ठेवून कायमपणाच्या हक्कांपासून वंचित करणे ही १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार अनुचित कामगार प्रथा आहे आणि तिच्याविरुद्ध औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येते. ती साधारणपणे ९० दिवसांत करावी लागते. ब्रेकवर असलेला माणूस हे ९० दिवस तक्रारीत घालवील की पुन्हा बोलावणे येण्याची वाट पाहील, हे सांगायला नको. माझ्या नऊ वर्षांत या कारखान्यातून अशी एकही तक्रार गेली नाही.

ब्रेकचा खरा फटका पगाराच्या पंधरा दिवसांपुरता असतो, असे मी बराच काळ समजत होतो. तो किती लांबवर जातो ते नंतर दिसले. ठेकेदार परत घेताना कधी आपल्या दुसऱ्या नावावर नोंद करी आणि जुना विमा क्रमांक शोधण्याचा त्रास नको म्हणून नवा क्रमांक काढी. कर्मचारी राज्य विम्यात प्रसूती लाभ मिळण्यासाठी आधीच्या एक किंवा दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. जोडणी विभागातील एका बाईचे दिवस दोन क्रमांकांत विभागले गेले आणि दोन्हीकडे ते अपुरे दिसू लागले. क्रमांक एकत्र करून घेण्यात पाच महिने गेले. तोवर तिचे मूल जन्माला आले होते आणि घरातली सोन्याची एकुलती एक वस्तू गहाण पडली होती. तिचा प्रत्येक दिवसाचा हप्ता कापला गेला होता. ती विमाधारक होती, पात्र होती आणि तरीही त्या पाच महिन्यांत तिच्या हाती काही आले नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. बेरोजगार झालेल्या विमाधारकाला सरासरी वेतनाच्या निम्म्याइतकी मदत ९० दिवसांपर्यंत देण्याची सवलत त्या वर्षी अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत केली गेली. त्यासाठी किमान दोन वर्षे विमायोग्य नोकरी झालेली असणे आवश्यक होते. आमच्या १६ हेल्परांपैकी ११ जण चार वर्षांहून अधिक काळ येथे राबत होते. त्यांच्यातल्या तिघांचाच क्रमांक सलग निघाला. बाकीचे आठ जण कागदावर नवखे होते. ज्यांना मदतीची गरज सर्वांत जास्त, तेच लोक कायम होण्याच्या कायद्यातून निसटवले गेले आणि त्याच निसटण्याने विम्याच्या कायद्यातूनही सुटले.

२०१७ : एकाच वर्षी दोन बदल

आता या प्रकरणाच्या मुख्य भागाकडे येतो. २०१७ मध्ये दोन नियम जवळजवळ एकाच वेळी बदलले. १ जानेवारीपासून कर्मचारी राज्य विम्याची वेतनमर्यादा दरमहा १५,००० रुपयांवरून २१,००० रुपये झाली. १ एप्रिलपासून प्रसूती लाभ अधिनियमातील दुरुस्ती अमलात आली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. विम्याखालील स्त्रियांनाही तोच वाढीव कालावधी मिळाला. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले आणि ते कर्मचारी स्त्री आहेत की पुरुष याला महत्त्व राहिले नाही.

त्या मे महिन्यात मालकांनी मला बोलावून सांगितले की यापुढे नवी बाई घ्यायची नाही. सव्वीस आठवडे घरी बसवून पगार द्यायला आपण काही सरकार नाही, हे त्यांचे शब्द मला अजून आठवतात. मी तेव्हा त्यांना विरोध केला नाही. रजेचा खर्च वाढणार हे खरेच आहे, तेव्हा काही महिने थांबून बघू, असे मी म्हणालो. पाच महिने एकाही बाईला घेतले नाही. माझ्या कामातली ही मोठी चूक होती, कारण त्यांच्या म्हणण्यातला मूळ आधारच जोडणी विभागापुरता खोटा होता आणि तो खोटा आहे हे माझ्याच टेबलावरच्या चलनांत लिहिलेले होते.

जी स्त्री विम्याच्या मर्यादेत येते तिचा प्रसूती लाभ मालक देत नाही, विमा महामंडळ देते. मालक देतो ते अंशदान, आणि ते स्त्री-पुरुष सर्वांच्या वेतनावर सारख्याच दराने द्यावे लागते. हा दर २०१९ च्या जुलैपर्यंत मालकाकडून ४.७५ टक्के होता, त्यानंतर तो ३.२५ टक्के झाला. १८,००० रुपये पगाराच्या पुरुषामागे आजच्या दराने महिन्याला ५८५ रुपये जातात आणि त्याच पगाराच्या स्त्रीमागेही ५८५ रुपयेच जातात. ती सहा महिने रजेवर गेली तर त्या काळात मालकाला तिचा पगार द्यावा लागत नाही. तिच्या जागी बदली माणूस शोधण्याचा आणि शिकवण्याचा त्रास तेवढा पडतो. आता दुसरे टोक पाहू. गुणवत्ता विभागात २४,००० रुपयांवर काम करणारी अभियंता स्त्री विम्याच्या बाहेर असते. ती रजेवर गेली तर २६ आठवड्यांचे सुमारे १,४४,००० रुपये मालकाच्या खिशातून जातात, आणि तिच्याजागी आलेल्या माणसाचा पगार वेगळा.

हा हिशेब मी ऑक्टोबर २०१७ मध्ये एका कागदावर मांडून मालकांपुढे ठेवला. ते व्यवहारी गृहस्थ होते. त्यांनी तो दोनदा तपासला आणि जोडणी विभागातली भरती पुन्हा सुरू केली. पाळणाघर ८८ माणसांमुळे आता करावेच लागणार होते, मग बायका २९ ठेवल्या काय आणि ४० ठेवल्या काय, त्यात फरक उरला नव्हता. शेजारच्या दोन कारखान्यांबरोबर मिळून एक खोली घेतली गेली. २०१९ च्या मार्चमध्ये मस्टरवर ३७ स्त्रिया होत्या. कलम ४८ ने जवळजवळ सत्तर वर्षे जो उंबरठा बाईच्या गणतीवर बसवला होता, तो माणसांच्या गणतीवर नेल्याबरोबर या एका कारखान्यात आठ बायकांना काम मिळाले. त्या काळात मागणीही वाढत होती, म्हणून आठच्या आठ जागा नियमबदलाच्या खाती टाकणे बरोबर होणार नाही. परंतु २०१६ पूर्वीही मागणी वाढतच होती आणि तेव्हा २९ चे ३० झाले नव्हते.

मर्यादेच्या वर मात्र चित्र उलटे झाले. गुणवत्ता आणि कार्यालय मिळून २१,००० रुपयांहून अधिक पगाराच्या जागांवर २०१६ मध्ये दोन स्त्रिया होत्या. त्या दोघी २०१८ अखेरपर्यंत सोडून गेल्या, एक लग्नानंतर पुण्याला आणि दुसरी अधिक पगारावर बुटीबोरीला. त्यांच्या जागी दोन्ही पुरुष आले. त्यानंतर चार वर्षांत या पगाराच्या जागांसाठी सहा भरत्या झाल्या आणि एकही स्त्री निवडली गेली नाही. मुलाखतीला बायका येत होत्या. ‘लग्न झालं का’ हा प्रश्न विचारला जात होता. कायदा तोच, मालक तेच, वर्षही तेच. फरक एवढाच की एका गटाचा खर्च सर्वांच्या अंशदानातून भागत होता आणि दुसऱ्या गटाचा खर्च त्या-त्या बाईच्या नावावर मालकाच्या वहीत चढत होता. शिक्षण अधिक असलेल्या, अधिक कमावू शकणाऱ्या स्त्रीला कायद्याने अधिक रजा दिली आणि दारातच अडवले. कमी पगाराची स्त्री त्याच कायद्याखाली आत आली. श्रमिकांचे हित आणि रोजगार यांच्यात निवड करावी लागते, हे गृहीतक मला इथे पटत नाही. इथे दोन्ही गटांना तीच रजा मिळाली. रोजगारावरचा परिणाम रजेच्या लांबीने ठरला नाही, तिचे पैसे कुणी भरायचे याने ठरला.

ही गोष्ट नव्याने शोधून काढलेली नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे असे सांगितले आणि हा भार मोठ्या अंशी शासनाने उचलावा, अशी भूमिका मांडली होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात आणि १९३० मध्ये आपल्या मध्य प्रांतात जे कायदे झाले, त्यांनी मात्र भार मालकावर ठेवला. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमुळे नागपूर तेव्हा गिरणगाव झालेले होते, आणि बाई गरोदर असल्याचे कळताच तिला कामावरून कमी करण्याची तक्रार देशभरच्या गिरण्यांतून त्या काळापासून ऐकू येत आली आहे. विम्याच्या रूपाने ती १९२८ ची भूमिका कामगारवर्गाच्या एका भागापुरती का होईना अमलात आली. २१,००० रुपयांच्या रेषेपलीकडच्या बाईसाठी आपण अजूनही १९३० च्या पद्धतीवर आहोत.

दुसरी पाळी

दुपारी तीन ते रात्री अकरा अशी दुसरी पाळी २०१८ मध्ये सुरू झाली. पूर्वी कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ नुसार स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम देता येत नसे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर सुरक्षितता आणि वाहतुकीच्या अटींवर ते शक्य झाले. सुरुवातीला मालकांनी दुसऱ्या पाळीत फक्त पुरुष ठेवले, कारण वाहनाचा खर्च स्त्रियांपुरता मोजला तर माणशी फार पडत होता. हिंगणा मार्गावर लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो २०२० मध्ये आली, पण रात्री अकराला सुटणाऱ्या पाळीला तिचा उपयोग नाही.

येथे माझा सल्ला कामी आला, म्हणून समाधानाने नोंदवतो. दुसऱ्या पाळीतल्या सर्वांसाठी एकच बस लावावी, पुरुषांना तोवर मिळणारा प्रवासभत्ता त्यात वळता करावा, असे मी सुचवले. बसचा खर्च पाळीच्या खात्यात गेला, बायकांच्या खात्यात राहिला नाही. पुरुष हेल्परांनाही रात्री इसासनीपर्यंत चालत जावे लागेनासे झाले. काही महिन्यांत नऊ बायका त्या पाळीत आल्या. घरून परवानगी न मिळाल्याने ज्या आल्या नाहीत, त्यांच्यासाठी हा नियम असून नसल्यासारखाच राहिला.

शिकाऊ मुले, हेल्पर आणि हमाल

२०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, शासन परत देत असे. शिकाऊ उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नसतो, म्हणून त्याला २४० दिवसांचा प्रश्न नाही. कारखान्याने आयटीआय झालेली आठ मुले घेतली. तेव्हाच्या मर्यादेत एवढीच घेता येत होती. मुलांना खरोखर शिकायला मिळाले, त्यांतली तिघे पुढे कायम झाली. त्याच काळात चाळिशी ओलांडलेल्या पाच हेल्परांना ब्रेकनंतर परत बोलावले गेले नाही. पाच आणि आठ यांचा थेट संबंध मी कागदावर सिद्ध करू शकत नाही, पण तारा कापण्याच्या ज्या दोन यंत्रांवर ते पाचजण पाळीपाळीने असत, त्यांवर पुढच्या महिन्यापासून मुले उभी होती. तरुणांचा रोजगार वाढवणारी योजना वयस्क अकुशल माणसाच्या जागेतून जाणार असेल, तर त्याची गणना कुठेतरी व्हायला हवी. ती कोणत्याही अहवालात होत नाही.

ठेकेदारासंबंधीचा कायदा २०१७ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात २० ऐवजी ५० माणसांपासून लागू झाला. आमच्या ठेकेदाराची माणसे ४२. त्याला परवान्याची गरज उरली नाही, आणि मूळ मालकाच्या प्रतिनिधीसमोर पगार वाटण्याची जी पद्धत होती ती हळूहळू बंद पडली. सात तारखेचा पगार पंधरा तारखेवर गेला. माणसे मात्र तितकीच राहिली. या सवलतीमुळे एकही नवी जागा निघाल्याचे मला दिसले नाही.

हमालांचे उदाहरण याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी अधिनियमानुसार नोंदीत हमालाचा मालक एक नसतो. नागपूरच्या कळमना बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापारी माथाडी मंडळाकडे भरतात, आणि भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस यांची तरतूद मंडळ करते. आज या अडत्याकडे आणि उद्या त्या अडत्याकडे काम केले तरी त्याची सेवा तुटत नाही. त्याला ब्रेक देण्यात कुणाचा फायदा नसतो. नोंदीबाहेर राहिलेल्याला आत येणे कठीण असते, हा या व्यवस्थेचा दोष मी नाकारत नाही. पण आमच्या ठेकेदाराच्या हेल्परापेक्षा तो हमाल कितीतरी सुरक्षित आहे, आणि त्याचे संरक्षण एका मालकाच्या मर्जीवर टांगलेले नाही.

बेस्ली आणि बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात औद्योगिक विवाद कायद्यातील राज्यस्तरीय दुरुस्त्या मोजून राज्यांची विभागणी केली. महाराष्ट्राला त्यांनी कामगारांच्या बाजूने झुकलेल्या राज्यांत धरले आणि अशा राज्यांत नोंदणीकृत कारखान्यांचे उत्पादन व रोजगार मागे पडल्याचा निष्कर्ष काढला. या मोजणीच्या पद्धतीवर आदित्य भट्टाचार्य यांनी नंतर सविस्तर आक्षेप घेतले. आमच्या कारखान्यापुरते पाहता, राज्याला एक गुण देण्याच्या पद्धतीत कलम ४८ ची बाई, दोन विमा क्रमांकांचा हेल्पर आणि २४,००० रुपयांची अभियंता हे तिघेही एकाच बेरजेत विरून जातात.

नव्या संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता अमलात आल्या. मी त्या कारखान्याचे काम आता पाहत नाही, तरी जुनी मस्टर समोर ठेवून त्या वाचल्या. पूर्वपरवानगीची सीमा १०० वरून ३०० वर गेली आहे, म्हणजे भावाच्या नावावरच्या दुसऱ्या कारखान्याचे कारण संपले. ते दोन्ही एकत्र आले तर हिशेब स्वच्छ होईल आणि माणसांची सेवाही एकत्र मोजली जाईल. स्थायी आदेशांची सीमासुद्धा ३०० झाली. त्यामुळे ५० ते २९९ माणसांच्या कारखान्यातील हंगामी कामगाराचा २४० दिवसांवरचा कायमपणाचा आधार ढिला होतो. मुदतीच्या करारावरील कामगाराला कायम कामगाराइतकेच लाभ आणि एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान (ग्रॅच्युइटी) मिळणार, ही तरतूद मला मनापासून चांगली वाटते. मात्र लाभ एका वर्षाच्या टोकाला बांधला, तर सातव्या महिन्यातला ब्रेक अकराव्या महिन्यात सरकण्याची भीती आहे. उपदान पहिल्या दिवसापासून दिवसांच्या प्रमाणात साठत गेले आणि माणसाबरोबर एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले, तर ते टोकच राहणार नाही. हमालाच्या लेव्हीत हे होते, मग हार्नेस जोडणाऱ्या बाईच्या बाबतीत न होण्याचे कारण मला सापडत नाही.

प्रसूती लाभ मात्र पूर्वीसारखाच दुभंगलेला राहिला आहे: विम्याच्या आत महामंडळाकडून, विम्याच्या बाहेर मालकाकडून.

गुणवत्ता विभागात २०१९ च्या अखेरीस एक मुलगी घेतली गेली होती. तिचा पगार २०,८०० रुपये ठरला. आकडा असाच का, हे तिला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. तीन वर्षे तिला पगारवाढ मिळाली नाही, तिच्याबरोबर लागलेला मुलगा २६,००० वर गेला. २०२२ मध्ये तिचे बाळंतपण झाले, महामंडळाकडून पूर्ण लाभ मिळाला, ती परत आली आणि तिने त्या मुलाइतका पगार मागितला. समान कामाला समान वेतन हा १९७६ पासूनचा कायदा आहे, हे मी मालकांना लिहून दिले. पगार वाढला. चार महिन्यांनी त्याच विभागातल्या दुसऱ्या जागेच्या जाहिरातीचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला. त्यात पात्रतेच्या पहिल्या ओळीत ‘फक्त पुरुष उमेदवार’ असे लिहिले होते. ते शब्द खोडून मी मसुदा परत पाठवला. त्या जागेवर पुरुष आला.